शिरेतलं निकोटिन

क्यूबाच्या पश्चिमेला, पिनार देल रियो प्रांतात विन्यालेस नावाचं खोरं आहे. चुनखडीचे घुमटासारखे डोंगर, मधे लाल माती आणि त्या मातीत तंबाखू. सिगारचे शौकीन इथे घोड्यावर बसून शेतं बघत हिंडतात. झावळ्यांनी शाकारलेल्या वाळवणीच्या खोपटात शेतकरी एक तपकिरी पान उचलतो, मधली जाड शीर एका झटक्यात ओढून काढतो आणि सांगतो, "निकोटिन जवळजवळ सगळं हिच्यात. ही गेली की काळजी नाही." मग पान गुंडाळून, टोक मधात बुडवून पाहुण्याच्या हातात देतो.

मधाचं ठीक आहे. शिरेची गोष्ट मात्र उलटी आहे.

निकोटिन तयार होतं मुळांत. 1940 च्या दशकात कलमांच्या प्रयोगांनी हे पक्कं झालं. तंबाखूच्या खुंटावर टोमॅटो बांधला, तर टोमॅटोच्या पानांत निकोटिन उतरलं. टोमॅटोच्या खुंटावर तंबाखू चढवली, तर तिची पानं जवळजवळ कोरी निघाली. मुळातून पाण्याबरोबर निकोटिन वर चढतं. शीर ही त्याची वाट. साठा होतो तो पात्यात. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच, कारण निकोटिन हे त्याचं कीटकनाशक आहे आणि अळी कुरतडते ती मऊ पातं. शेतकरी कळी दिसताच शेंडा खुडतो, तेव्हा झाडाला ती जखम वाटते, मुळं आणखी निकोटिन बनवतात आणि वरची पानं जाड, कडक होतात. आपल्या निपाणीकडे विडीच्या तंबाखूचा शेंडाही याचसाठी खुडतात.

मग शीर काढायची कशाला? ती काडीसारखी असते, नीट जळत नाही, गुंडाळीत फुगवटा आणते आणि धूर घशाला लागतो. कारण एवढंच, पण ते सांगून सिगार खपत नाही!

खरी गंमत त्या खोपटात आहे. पानं दीड-दोन महिने काठ्यांवर लटकतात. हे नुसतं वाळणं नव्हे. खुडलेलं पान काही दिवस जिवंत असतं आणि उपासमारीत स्वतःतलाच स्टार्च खात राहतं. हरितद्रव्य मोडतं, खालचा पिवळा रंग उघडा पडतो, मग तपकिरी चढतो. घाईने वाळवलं तर पान हिरवटच राहतं. पुढे पानं किंचित ओलावून त्यांचे ढीग रचतात. ओल्या कडब्याची गंजी आतून तापते तसाच हा ढीग तापतो. ताप 40 अंशांच्या आसपास गेला की ढीग मोडून पुन्हा रचायचा. जवळ उभं राहिलं तर अमोनियाने नाक झोंबतं. प्रथिनांचा नायट्रोजन उडून जात असतो. थोडं निकोटिनही या काळात कमी होतं, पण थोडंच. पिवळ्या रंगद्रव्यांचे तुकडे होऊन जे सुगंधी रेणू बनतात, त्यांचे भाऊबंद गुलाबात आणि चहातही सापडतात. त्यामुळे चाखणारे डोळे मिटून "फुलं, सुकामेवा" म्हणतात, ती सगळीच थाप नसते. "जुन्या वाड्यातलं लाकूड" म्हणणाऱ्यांबद्दल मी गप्प बसेन.

चाखण्याची रीत म्हणजे धूर तोंडात घोळवून सोडायचा, छातीत ओढायचा नाही. यामुळेही पाहुणा निर्धास्त असतो. सिगारेटच्या पानात साखर बरीच असते, म्हणून सिगारेटचा धूर आम्लधर्मी. त्यातलं निकोटिन तोंडात फारसं शोषलं जात नाही, फुप्फुसापर्यंत न्यावं लागतं. सिगारच्या पानातली साखर वाळवणीत आणि ढिगात संपलेली असते. म्हणून सिगारचा धूर अल्कधर्मी, आणि अशा धुरातलं निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून थेट रक्तात उतरतं. तोंडाचा कर्करोगही याच वाटेवर बसलेला असतो. शिवाय एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते.

म्हणून शीर काढलेली, मध लावलेली सिगार अर्धी झाली की नवख्याचे कान गरम होतात, कपाळावर घाम येतो, पोटात ढवळतं. तो बिचारा उन्हाला दोष देत घोड्याकडे चालू लागतो.