सिडनीतील हिमवर्षाव

ऑस्ट्रेलियातील सिडनी (सु. ३३.९° द. अक्षांश) या शहरात समुद्रसपाटीलगत झालेली, किंवा झाली असे मानले गेलेली, हिमवृष्टी. सौम्य हिवाळ्याच्या किनारी शहरांत हिम क्वचितच का पडते, हे या उदाहरणावरून चांगले समजते. जुलैत येथील सरासरी कमाल तापमान सु. १७° से. व किमान सु. ८° से. असते. ऑब्झर्व्हेटरी हिल या वेधस्थानावरील नीचांक २.१° से. असून तो २२ जून १९३२ रोजी नोंदला गेला. पारा तेथे गोठणबिंदूपर्यंत कधीच उतरलेला नाही.

मुख्य कारण समुद्र. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते. शिवाय पृष्ठभागाचे पाणी थंड झाले की ते खाली जाऊन खालचे उबदार पाणी वर येते. सिडनीजवळून उत्तरेकडचे ऊबदार पाणी आणणारा पूर्व ऑस्ट्रेलियन प्रवाह जातो, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही समुद्राचे तापमान सु. १८° से.च्या आसपास राहते. अंटार्क्टिकाकडून निघालेली थंड हवा हजारो किलोमीटर खुल्या समुद्रावरून येते आणि तिचा तळ वाटेतच तापतो. पश्चिमेचे वारे जमिनीवरून येतात खरे, पण ग्रेट डिव्हायडिंग पर्वतरांगेवर आपले बाष्प टाकून ते किनाऱ्याकडे उतरतात आणि उतरताना दर १०० मी.ला सु. १° से. तापतात. थोडक्यात, ओली हवा पुरेशी थंड नसते आणि जमिनीवरून आलेली हवा पुरेशी ओली नसते. थंडीच्या लाटेत ब्लू मौंटन्समधील कटूम्बा (उंची सु. १,००० मी.) येथे बर्फ पडतो, तेव्हा शंभरएक किलोमीटरवरच्या सिडनीत साधा पाऊस असतो, या उंचीच्या फरकाने तापमानात ६° से.हून अधिक फरक पडतो.

केवळ अक्षांशावरून काही ठरत नाही. ब्वेनस आयरीस जवळजवळ याच अक्षांशावर (३४.६° द.) आहे, पण तेथे पॅटागोनियाची थंड हवा सपाट जमिनीवरून थेट पोहोचू शकते. ९ जुलै २००७ रोजी त्या शहरात १९१८ नंतर प्रथमच लक्षणीय हिमवृष्टी झाली.

सिडनीपुरता खरा वाद २८ जून १८३६ या दिवसाचा आहे. त्या मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास रस्ते सु. एक इंच पांढऱ्या थराने झाकले गेले, असे समकालीन वृत्तपत्राने छापले. जुन्याजाणत्या रहिवाशांच्या आठवणीतील ही पहिलीच घटना, असेही त्यात म्हटले होते. सिडनी वेधशाळेचे काम १८५८ मध्ये सुरू झाले, त्यामुळे पडताळणीला तेथील नोंदी नाहीत. हे हिम होते असे मानणाऱ्यांच्या बाजूने दोन गोष्टी जातात. ब्रिटिश बेटांतून आलेल्या वसाहतवाल्यांना हिम परके नव्हते; आणि सकाळी सात ही जूनअखेरीस सूर्योदयाची, म्हणजे दिवसातील सर्वांत गार, वेळ आहे. दुसऱ्या मतानुसार त्या मऊ गारा असाव्यात. अतिशीतित (गोठणबिंदूखालीही द्रवरूप राहिलेले) जलबिंदू हिमस्फटिकावर आदळून गोठत गेले की पांढरा, अपारदर्शक, बोटांत चुरडणारा गोळा तयार होतो. तरंगत येणारे हिमकण सेकंदाला सु. १ मी. वेगाने उतरतात आणि उबदार थरात वितळून जातात. मऊ गारा कितीतरी वेगाने कोसळतात व न वितळता जमीन गाठतात. यात एक गंमत अशी, की वरून अतिथंड हवा व खालून ऊबदार समुद्र ही जोडी वातावरण अस्थिर करते आणि मऊ गारांना पोषक ठरते: जो समुद्र सिडनीला हिम नाकारतो, तोच हिमासारखे दिसणारे काहीतरी पुरवतो. इंचभर थराने वाद मिटत नाही, कारण मऊ गाराही साचतात.

उपलब्ध वर्णनावरून दुसरे मत अधिक संभवनीय वाटते. मात्र तापमानाची नोंद नसताना पहिले मत फेटाळता येत नाही. वाद काही अंशी शब्दांचाही आहे. मराठीत अशा दाण्यांना सहज 'गारा' म्हटले गेले असते. इंग्रजीत मात्र त्यांच्या 'स्नो पेलेट्स' या एका नावातच हिम आहे.

२७ जुलै २००८ रोजी उत्तरेकडील रोझव्हिल व लिंडफील्ड उपनगरांत हिरवळी पांढऱ्या झाल्या, तेव्हाही रहिवाशांनी हिम पडल्याचे सांगितले. हवामान विभागाने त्या मऊ गारा असल्याचे स्पष्ट केले.