‘ते तर त्याचं कामच होतं’: रेल्वे कामगार आणि राष्ट्रीय सन्मान

१७ एप्रिल २०२१. वांगणी स्थानकात दृष्टिहीन आईसोबत चालणारे मूल फलाटावरून रुळांवर पडले आणि समोरून उद्यान एक्स्प्रेस येत होती. ड्युटीवरचा पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारा कामगार, गाडीच्याच दिशेने रुळांतून धावत सुटला, मुलाला वर ढकलले, स्वतः चढला आणि पुढच्या क्षणी इंजिन तिथून धडधडत गेले. मंत्रालयाने ५० हजारांचे बक्षीस जाहीर केले, त्यातली निम्मी रक्कम त्याने त्या मुलासाठी देऊ केली. चित्रफीत देशभर पाहिली गेली आणि रेल्वे कामगाराला राष्ट्रीय सन्मान का नाही, हा जुना प्रश्न चार दिवस पुन्हा वर आला. असा प्रश्न निघाला की ‘ते तर त्याचं कामच होतं’ हे उत्तरही ठरलेलेच. सन्मानांच्या नियमांतही हेच उत्तर वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेले आहे.

इंग्रजी अमदानीचा हिशेब थोडक्यात आटोपतो. रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर हे किताब अधिकारी, कंत्राटदार आणि सरकारदरबारी वजन असलेल्यांसाठी होते. १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातल्या रेल्वेमार्गाच्या कामावर हजारो मजूर अपघातांनी आणि पटकीसारख्या साथींनी गेले, पण कागदोपत्री नावे उरली ती इंजिनिअरांची आणि ठेकेदारांची. राज्यघटनेच्या कलम १८ ने किताब बंद केले, १९५४ मध्ये पद्म सन्मान आले. ते किताबच आहेत की काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. हे किताब नव्हेत, मात्र नावामागे-पुढे लावता येणार नाहीत, असा निकाल डिसेंबर १९९५ मध्ये लागला. रेल्वे कामगाराच्या दृष्टीने अडचण पद्मच्या नियमांतल्या वेगळ्याच ओळीत आहे.

ती ओळ अशी: सेवेत असलेले सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रमांतले धरून, पद्म सन्मानांना पात्र नाहीत, अपवाद डॉक्टर आणि शास्त्रज्ञांचा. सरकारने आपल्याच सचिवांना, आपल्याच मर्जीतल्या अधिकाऱ्यांना पद्म वाटत बसू नये, असे या बंधनाचे समर्थन केले जाते. ते पटण्यासारखे आहे. पहिल्या काही दशकांच्या याद्यांमध्ये सेवेतल्या बड्या अधिकाऱ्यांची नावे सहज सापडतात आणि ‘नागरी सेवा’ हा प्रवर्गही तेव्हापासूनचा आहे. पण ‘सरकारी कर्मचारी’ या एका शब्दात सचिव आणि रुळांची डागडुजी करणारा ट्रॅकमन एकाच तराजूत बसवले गेले. सचिवाला मोह पडेल म्हणून घातलेले बंधन गँगमध्ये घण उचलणाऱ्यालाही तितकेच लागू झाले. रेल्वेच्या इस्पितळातला डॉक्टर सेवेत असताना पात्र आहे. त्याच इस्पितळात पाय तुटून आणलेला ट्रॅकमन नाही.

शिवाय हा नियम सगळ्यांना सारखाच जाचतो, असेही दिसत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकणारी महिला कुस्तीपटू रेल्वेच्याच नोकरीत होती आणि तिला २०१७ मध्ये पद्मश्री मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पण तिचा सन्मान खेळाडू म्हणून झाला, नोकरी आड आली नाही. म्हणजे रेल्वेतला माणूस रेल्वेबाहेरच्या कर्तृत्वासाठी पात्र ठरू शकतो. रेल्वेचेच काम जिवावर उदार होऊन करणाऱ्याने मात्र निवृत्तीची वाट पाहायची. या विसंगतीचे समाधानकारक स्पष्टीकरण माझ्या वाचनात आलेले नाही.

रेल्वेच्या आतही अशीच एक भिंत आहे. रेल्वे सुरक्षा दल हे १९८५ पासून संघराज्याचे सशस्त्र दल असल्याने त्याच्या जवानांची नावे प्रजासत्ताक दिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या पदकयादीत येतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू असताना काचेमागच्या खोलीत बसलेला उद्घोषक प्रवाशांना ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिला, बाहेर पडा, मागच्या बाजूने जा. त्या रात्री बंदूक हाती असलेल्यांसाठी पोलीस शौर्यपदकाची वाट आधीपासून आखलेली होती. हातात फक्त मायक्रोफोन असलेल्यासाठी तशी वाट नव्हती.

जीवनरक्षा पदक १९६१ पासून आहे आणि ते कोणालाही मिळू शकते. बुडणाऱ्याला, आगीत किंवा अपघातात सापडलेल्याला वाचवणाऱ्यांसाठी ते आहे, मरणोत्तरही दिले जाते. सैन्य, पोलीस, अग्निशमन यांना मात्र कर्तव्याबाहेर केलेल्या कृतीसाठीच. पॉइंट्समन या अटीत येत नाही, त्यामुळे हे दार त्याला उघडे आहे. पण इथे वाचवलेला जीव समोर दिसावा लागतो. न झालेल्या अपघाताला साक्षीदार नसतो.

थंडीतली पहाट घ्या. गारठ्याने रूळ आकसतो आणि कुठेतरी वेल्ड तडकते. कीमन, म्हणजे ठरलेल्या टप्प्यातला रूळ चालत तपासणारा कामगार, आपल्या बीटवर हातोडा, पाना घेऊन चाललेला असतो. त्याला रुळात बोटभर फट दिसते. आता त्याने एकट्याने काय करायचे हे नियमात लिहिलेले आहे: लाल निशाण लावायचे, येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळत सुटायचे, ६०० मीटरवर रुळावर एक फटाका बसवायचा, मग १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाक त्यावरून गेले की आवाज होतो आणि लोको पायलट ब्रेक मारतो. मग परत येऊन फिशप्लेट (रूळ जोडणारी पट्टी) आणि क्लॅम्प लावायचे, आणि गाडी अगदी हळू पुढे काढायची. डब्यातले हजार-दीड हजार लोक झोपेत असतात. गाडी उशिरा का आली, एवढेच त्यांना नंतर आठवते. कीमनला एखादे प्रशस्तिपत्र मिळते, थोडी रोख रक्कम मिळते. कोकणात पावसाळ्यात रात्रभर कंदील घेऊन दरडींखाली गस्त घालणाऱ्यांचेही तेच. २००३ मध्ये वैभववाडीजवळ आणि २००४ मध्ये करंजाडीजवळ गाड्या घसरल्यावर ही गस्त आणि पावसाळी वेगमर्यादा किती मोलाची, हे सगळ्यांना उमगले.

मग रेल्वेचे स्वतःचे पुरस्कार नाहीत का? आहेत. विभागीय व्यवस्थापकाचे, महाव्यवस्थापकाचे आणि सर्वांत वर मंत्र्यांच्या हस्ते मिळणारे. पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली म्हणून हे पुरस्कार ज्यात दिले जातात तो रेल्वे सप्ताह एप्रिलचा. अलीकडे राष्ट्रीय सोहळा डिसेंबरकडे सरकला. २०२३ मध्ये १०० आणि २०२४ मध्ये १०१ कर्मचाऱ्यांना तो सन्मान मिळाला, एकूण मनुष्यबळ बारा लाखांच्या घरात असताना. त्याचे नाव आता ‘अति विशिष्ट रेल सेवा पुरस्कार’ आहे आणि त्यातून एक घोटाळा होतो. सैन्याचे ‘अति विशिष्ट सेवा पदक’ राष्ट्रपतींकडून मिळते, तो राष्ट्राचा सन्मान आहे. रेल्वेचा पुरस्कार खात्याचा आहे. नावे इतकी सारखी असल्याने कित्येकांना वाटते की रेल्वेवाल्यांनाही राष्ट्रीय पदक मिळते. घरी भिंतीवर तो अभिमानाने लावतात आणि लावावाच. पण मागणी खात्याबाहेरच्या, देशाच्या सन्मानाची आहे.

खात्यानेच लायक कोण ते ठरवले की काय होऊ शकते, याचा अनुभव जुन्या कामगारांना आहे. मे १९७४ च्या संपात वीस दिवस गाड्या अडल्या, हजारोंना तुरुंगात टाकले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. संपात न उतरलेल्यांना ‘एकनिष्ठ’ ठरवून आगाऊ वेतनवाढ, मुलाला नोकरी असे लाभ दिले गेले. ‘उत्कृष्ट सेवा’ या शब्दाकडे अनेक वसाहतींमध्ये पुढे कितीतरी वर्षे संशयाने पाहिले गेले, ते यामुळे.

भोपाळची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री वायू पसरत असताना तिथल्या उपस्थानक अधीक्षकाने वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता माणसांनी भरलेली गाडी वेळेआधी काढून दिली आणि आसपासच्या स्थानकांना गाड्या रोखायला सांगितले. नियमपुस्तकाप्रमाणे त्याने आपल्या अधिकाराबाहेरचे काम केले. म्हणजे ‘ते तर त्याचं कामच होतं’ हे इथे म्हणताच येत नाही. त्या विषाचे परिणाम शरीरावर घेऊन तो २००३ मध्ये गेला. त्याचे नाव देशाला कळायला त्यानंतरही कितीतरी वर्षे लागली.

निवृत्तीनंतर पद्मचा रस्ता खुला होतो, हे खरे. कोकण रेल्वे उभी करणाऱ्या अभियंत्याला २००१ मध्ये पद्मश्री आणि २००८ मध्ये पद्मविभूषण मिळाले, आणि त्याच्या लायकीबद्दल कोणाच्या मनात शंका नाही. त्याच मार्गाच्या बांधकामात जीव गेलेल्या मजुरांचे स्मारक रत्नागिरीत आहे. त्यांपैकी बरेच जण ठेकेदाराकडचे, म्हणजे ‘रेल्वे कामगार’ या व्याख्येतही न बसणारे. आशियातली पहिली महिला लोको पायलट, आपल्या साताऱ्याची, ३६ वर्षांच्या नोकरीनंतर २०२५ मध्ये निवृत्त झाली. आता तिला नियमाची आडकाठी नाही.

शिफारस आता कोणीही करू शकतो. अर्जासोबत कार्याचे वर्णन लागते, जास्तीत जास्त ८०० शब्दांत. अभियंत्याच्या कामाची कात्रणे असतात, लोको पायलटची छायाचित्रे असतात. कीमनने तीस वर्षांत किती तडे पकडले, त्याची नोंद सेक्शनच्या रजिस्टरात किलोमीटर, तारीख आणि वेळ एवढीच असते, आणि ती जुनी रजिस्टरे तो निवृत्त होईपर्यंत रद्दीत गेलेली असतात.