ध्रुवीय कार्बनी संयुगांची पाण्यातील अविद्राव्यता

रेणूत ध्रुवीय (विद्युत् भाराची वाटणी विषम असलेले) बंध वा गट असूनही पाण्यात न विरघळण्याचा किंवा अत्यल्प विरघळण्याचा काही कार्बनी संयुगांचा गुणधर्म. ‘समान समानात विरघळते’ (ध्रुवीय पदार्थ ध्रुवीय द्रवात, अध्रुवीय अध्रुवीयात) हा पाठ्यपुस्तकातील नियम येथे तोकडा पडतो. नायट्रोबेंझिनाचे द्विध्रुव परिबल (रेणूच्या ध्रुवीयतेचे माप) सुमारे ४.२ डिबाय (या मापाचे एकक), म्हणजे पाण्याच्या (१.८५) दुपटीहून अधिक, तरी लिटरभर पाण्यात ते जेमतेम २ ग्रॅ. विरघळते. याउलट १,४–डायॉक्सेनाचे परिबल नगण्य, पण ते पाण्यात कोणत्याही प्रमाणात मिसळते.

परिबल ही संपूर्ण रेणूची सदिश बेरीज असते. पाण्याशी हायड्रोजन बंध (पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजनासारखा अणू यांमधील आकर्षण) जुळतात ते मात्र विशिष्ट अणूंचे. डायॉक्सेनातील दोन्ही ऑक्सिजन अणू असे बंध चांगले स्वीकारतात. नायट्रो गट या बाबतीत दुबळा असतो, शिवाय मोठे बेंझीन वलय पाण्यात सामावावे लागते. अल्कोहॉलांत कार्बन साखळी वाढते तशी विद्राव्यता घटते : एथॅनॉल पूर्ण मिसळते, १–ऑक्टॅनॉल लिटरला सुमारे अर्धा ग्रॅमच.

अध्रुवीय भाग पाण्याला का मानवत नाही, याविषयी मतभेद आहेत. कक्षतापमानाजवळ हायड्रोकार्बन विरघळताना ऊष्मेची देवघेव अल्प असते. अडसर मुख्यतः एंट्रॉपीचा (अव्यवस्थेच्या मापाचा) असतो, म्हणजे विरघळताना ती घटते, एवढे मापनांवरून मान्य आहे. एच. एस. फ्रँक व एम. डब्ल्यू. इव्हान्स यांनी १९४५ मध्ये याचे कारण असे सुचविले की, अशा भागाभोवती पाण्याचे रेणू सूक्ष्म ‘हिमनगा’सारखे सुव्यवस्थित होतात. वॉल्टर कॉझमन यांच्या १९५९ च्या प्रथिनांवरील लेखानंतर जलविरोधी परिणामाचा (अध्रुवीय भाग पाणी टाळून एकत्र येण्याचा) विचार जीवरसायनशास्त्रातही रुजला. मात्र न्यूट्रॉन विवर्तनाच्या (न्यूट्रॉनांच्या विखुरण्यावरून अणूंची मांडणी ओळखण्याच्या) प्रयोगांत बर्फासारखी रचना स्पष्टपणे आढळलेली नाही. दुसऱ्या मतानुसार पाण्याचे रेणू फार लहान असल्याने त्यांच्यामध्ये विद्रुताला (विरघळणाऱ्या पदार्थाला) पुरेल एवढी पोकळी निर्माण होण्याची संभाव्यताच कमी असते. हे मत अधिक ग्राह्य दिसते. निदान ‘हिमनग’ शब्दशः घेऊ नये.

घन पदार्थांत स्फटिकाची बांधणीही मोडावी लागते. मॅलेइक व फ्यूमेरिक अम्लांचे रेणुसूत्र एकच आणि कार्‌बॉक्सिल गटही दोन-दोनच. तथापि २५° से. ला पहिले लिटरला सुमारे ७८० ग्रॅ. विरघळते, तर २८७° से.च्या आसपास वितळणारे दुसरे केवळ ६–७ ग्रॅ. निळीतील इंडिगोच्या रेणूत कार्बोनिल व एनएच हे दोन्ही ध्रुवीय गट असले, तरी स्फटिकातील परस्परबंधांमुळे ती पाण्यात विरघळत नाही. म्हणून रंगाऱ्याला आधी तिचे क्षपण (ऑक्सिडीभवनाच्या उलट विक्रिया) करून अल्कलीत विरघळणारे रूप तयार करावे लागते. कापड हवेत येताच ऑक्सिडीभवनाने धाग्यातच पुन्हा अविद्राव्य नीळ बनते.