बिघाड नसताना झालेला अपघात : स्वयंचलित वाहनांच्या सुरक्षा पडताळणीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला 1985 मध्ये दुचाकींचा मोठा कारखाना आला, 2001 मध्ये शेंद्र्यात मोटारी जुळू लागल्या. नग पास की रिजेक्ट हे ठरवण्यात इथल्या पोरांची एक पिढी मुरली. 2011 मध्ये आलेलं आयएसओ 26262 हे गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानकही त्याच वळणाचं: सेन्सर किंवा सॉफ्टवेअर बिघडलं, तर गाडी माणसाला इजा करील का?

काहीच बिघडलं नाही तर काय, हा प्रश्न ठळक झाला 18 मार्च 2018 च्या रात्री. अमेरिकेतल्या टेम्पी शहरात चाचणीवरच्या स्वयंचलित गाडीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवलं. ती गाडीच्या सेन्सरांना 5.6 सेकंद आधीच दिसली होती. पण झेब्रा क्रॉसिंग सोडून कोणी पायी आडवं येईल, हे सॉफ्टवेअरमध्ये धरलंच नव्हतं. ती कधी वाहन ठरली, कधी सायकल, आणि दर वेळी तिच्या वाटेचा अंदाज पहिल्यापासून. गाडीचं मूळ आपत्कालीन ब्रेकिंग चाचणीपुरतं बंद होतं. उगाच ब्रेक लागू नये म्हणून वर एक सेकंदाचा विलंबही घातलेला. चालकाच्या जागेवरची बाई मोबाईल पाहत होती, तपासात मुख्य कारण तेच नोंदलं गेलं. 2019 मध्ये चाचणी घेणाऱ्या कंपनीवर फौजदारी खटला होणार नाही असं ठरलं, 2023 मध्ये चालकाच्या जागेवरच्या त्या बाईला 3 वर्षांचं प्रोबेशन मिळालं. ब्रेक बंद ठेवण्याचा निर्णय मात्र तिचा नव्हता. तो कागदावर कोणी आणि कशाच्या आधारावर मंजूर केला, हे विचारणं म्हणजेच आज सुरक्षा पडताळणीच्या पेशातलं काम.

नुसते किलोमीटर मोजून भागत नाही, हे 2016 मध्येच एका अभ्यासाने मांडलं होतं: मृत्यूचं प्रमाण माणसाच्या गाडीइतकं तरी कमी आहे हे दाखवायला 27.5 कोटी मैल एकही जीव न जाता धावावं लागेल. म्हणून रस्त्यावरचे प्रसंग रचून सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावर, तपासणं आलं. 2020 मध्ये यूएल 4600 या स्वयंचलित वाहनांसाठीच्या मानकाने सुरक्षिततेचा दावा पुराव्यासकट मांडायला लावलं. 2022 मध्ये बिघाडाविना उद्भवणाऱ्या धोक्यांसाठी आयएसओ 21448 पूर्ण मानक झालं.

प्रसंगांची यादी कोण करतं, यावर बरंच अवलंबून आहे. गाळप हंगामात अंबाजोगाईकडे रात्री निघालेली, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची डबल ट्रॉली परदेशात बसलेल्याला सुचणार नाही. वाळूजच्या शॉपफ्लोअरवरून पुण्यातल्या व्हॅलिडेशन, म्हणजे पडताळणीच्या, टीममध्ये गेलेल्या पोराला मात्र ती न विचारता आठवते.