जलवाहिन्या व पाणीटाक्या यांचे गंजरोधन

पाणी वाहून नेणाऱ्या नळांचे आणि ते साठवणाऱ्या टाक्यांचे धातू पाणी, माती किंवा दमट हवेमुळे झिजू नयेत म्हणून केलेल्या उपायांना गंजरोधन म्हणतात. नळ किती टिकेल हे त्याच्या जाडीइतकेच त्यातून कसले पाणी वाहते यावर ठरते. नळ निवडताना होणारा विचार पाण्याच्या वाट्याला क्वचितच येतो, आणि मोठे नुकसान बहुधा तिथेच होते.

गंजणे ही विद्युत्‌रासायनिक क्रिया आहे. नळाच्या एकाच पृष्ठभागावर काही जागी धनाग्र तयार होतो आणि तिथले लोखंड विरघळू लागते. सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतून ऋणाग्राकडे जातात व पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन ते घेतो. बीडाच्या जुन्या नळांत अशा गंजाच्या गाठी वाढत जातात, वाट अरुंद होते, पंपांवरचा भार वाढतो आणि सकाळचे पहिले पाणी तांबूस येते.

मृदू व कमी सामूचे (pH), म्हणजे आम्लाकडे झुकणारे पाणी धातूला अधिक खाते. पाण्यात कॅल्शियम व क्षारता पुरेशी असेल, तर नळाच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचा पातळ थर बसून धातू झाकला जातो. हा थर बसेल की विरघळेल याचा अंदाज बांधण्यासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्फ्रेड लँगेलियर यांनी 1936 मध्ये एक निर्देशांक मांडला. तो ऋण आला, तर पाण्यात चुना किंवा धुण्याचा सोडा मिसळून सामू वाढवतात. मात्र क्लोराइड जास्त असेल, तर केवळ या निर्देशांकावर विसंबता येत नाही. ऑर्थोफॉस्फेटची अल्प मात्रा हा दुसरा उपाय. त्याने धातूवर न विरघळणारे फॉस्फेटचे कवच धरते.

हे कवच सुटले की काय होते, ते अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील फ्लिंट शहराने भोगले. एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी शहराने डेट्रॉइटकडून येणारे ह्यूरॉन सरोवराचे पाणी सोडून फ्लिंट नदीचे घेतले. नदीच्या पाण्यात क्लोराइड अधिक होते आणि त्यात ऑर्थोफॉस्फेट मिसळलेच नाही. जुन्या शिशाच्या जोडनळ्यांतले कवच विरघळले आणि शिसे घरोघरच्या पेल्यात उतरले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जनरल मोटर्सच्या कारखान्याने यंत्रांचे भाग गंजतात म्हणून हे पाणी बंद केले. मुलांना मात्र ते आणखी वर्षभर प्यावे लागले. ऑक्टोबर 2015 मध्ये जुना पुरवठा परत सुरू झाला. शिशाने मुलांच्या मेंदूला होणारी हानी भरून निघत नाही, म्हणून ही चूक केवळ तांत्रिक म्हणता येत नाही.

नळाच्या आतून सिमेंटचे अस्तर व बाहेरून लेप, हे नेहमीचे संरक्षण. पण लेपाला कुठे ना कुठे टाचणीएवढी छिद्रे राहतातच आणि सगळी झीज तिथे एकवटते. म्हणून जमिनीखालच्या पोलादी नळाला ऋणाग्री संरक्षणाची जोड देतात, म्हणजे सगळा नळच ऋणाग्र बनवून त्याचे विरघळणे रोखतात. हम्फ्री डेव्ही यांनी 1824 मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त व लोखंडाचे तुकडे जोडून हे तत्त्व दाखवले : अधिक क्रियाशील धातू स्वतः झिजतो आणि दुसऱ्याला वाचवतो. मातीत त्यासाठी बहुधा मॅग्नेशियम पुरतात. लांबच्या वाहिनीला बाहेरून एकदिश प्रवाह देतात. हाच प्रवाह भटका झाला तर घात करतो. एकदिश विजेवर चालणाऱ्या रेल्वेचा काही प्रवाह मातीतून जवळच्या नळात शिरतो, आणि जिथून तो बाहेर पडतो तिथे एक अँपिअर वर्षभरात सुमारे 9 किलो लोखंड विरघळवतो.

टाक्यांत पाण्याखालचा भाग सांभाळणे त्या मानाने सोपे. ऋणाग्री संरक्षण पाण्यातूनच काम करते, त्यामुळे पाण्याच्या पातळीवरच्या भिंती व छताची खालची बाजू त्याच्या आवाक्याबाहेर राहते. तिथेच दव धरते, भरपूर ऑक्सिजन असतो आणि क्लोरीनची वाफ साचते. काँक्रीटच्या टाकीत क्लोराइड सळयांपर्यंत पोचले की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो आणि छताचे पोपडे पाण्यात पडू लागतात. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारा वारा बाहेरूनही तेच करतो. टाकी धुताना माणूस तळ घासून वर येतो. बॅटरी घेऊन छताची खालची बाजूही तेव्हाच पाहावी, कारण टाकी रिकामी असते ती बहुधा तेवढ्यापुरतीच.