डेटाव्ह्यू (जावास्क्रिप्ट)

डेटाव्ह्यू : कच्च्या बाइट्समधून ठरावीक रचनेच्या नोंदी वाचण्याची व लिहिण्याची जावास्क्रिप्टमधील सोय. सी भाषेत ‘स्ट्रक्ट’ (अनेक फील्डांची, म्हणजे नोंदीतील घटकांची, एकत्र रचना) जाहीर केले की प्रत्येक फील्डची जागा कंपायलर ठरवतो. जावास्क्रिप्टमध्ये तसा प्रकार नाही; कोणते फील्ड कितव्या बाइटपासून सुरू होते आणि किती बाइटचे आहे, हे प्रोग्रामरनेच सांगायचे असते.

वेबजीएलला (ब्राउझरमध्ये ग्राफिक्स काढण्याची सोय) ग्राफिक्स कार्डाकडे आकड्यांचे सलग गठ्ठे पाठवायचे होते, त्या गरजेतून टाइप्ड अ‍ॅरे आले. २०१५ च्या एक्मास्क्रिप्ट या जावास्क्रिप्टच्या मानकात ते डेटाव्ह्यूसह भाषेत दाखल झाले. अ‍ॅरेबफरमध्ये नुसते बाइट्स असतात. ते वाचायला त्यावर टाइप्ड अ‍ॅरे किंवा डेटाव्ह्यू बसवावा लागतो. एकाच जातीच्या आकड्यांच्या लांबलचक रांगेला टाइप्ड अ‍ॅरे उत्तम, पण फाइलच्या हेडरला (सुरुवातीच्या माहितीच्या भागाला, जिथे फील्डे वेगवेगळ्या लांबीची असतात) तो पुरत नाही.

बीएमपी चित्राचेच पाहा. पहिले दोन बाइट ‘बी’ आणि ‘एम’ या अक्षरांचे, लगेच ऑफसेट २ वर (ऑफसेट म्हणजे शून्यापासून मोजलेले बाइटचे स्थान) चार बाइटमध्ये फाइलचा आकार. तिथे ३२ बिटांचा टाइप्ड अ‍ॅरे बसवू गेल्यास रेंजएरर येतो, कारण त्याची सुरुवात ४ च्या पटीतच लागते. डेटाव्ह्यूला ही अट नाही.

खरी मेख बाइटक्रमात आहे. नेहमीच्या बीएमपीत चित्राची रुंदी ऑफसेट १८ वर, लिटल-एंडियन क्रमाने (कमी किमतीचा बाइट आधी) असते. रुंदी ८०० असेल तर सोळा-अंकी पद्धतीत बाइट दिसतात २०, ०३, ००, ००. डेटाव्ह्यूच्या गेटइंट३२ या ३२ बिटांचा पूर्णांक वाचणाऱ्या मेथडला दुसरे आर्ग्युमेंट ‘ट्रू’ दिले नाही, तर ती बिग-एंडियन (जास्त किमतीचा बाइट आधी) धरून ५३,७०,६७,५२० हा आकडा देते. एररही येत नाही, म्हणून ही चूक फार घातक. पीएनजी चित्रात मात्र रुंदी ऑफसेट १६ वर बिग-एंडियनच असते. टाइप्ड अ‍ॅरे यंत्राचा स्वतःचा क्रम पाळतात, त्यामुळे फाइल आणि नेटवर्कवरच्या डेटासाठी डेटाव्ह्यूच वापरावा.

एकसारख्या नोंदी ओळीने असतील तर नोंदीचा क्रमांक (शून्यापासून) गुणिले नोंदीची लांबी, अधिक फील्डचा ऑफसेट, एवढ्या गणिताने हवे ते फील्ड सापडते. हे ऑफसेट कोडभर विखुरण्यापेक्षा एकाच तक्त्यात ठेवणे केव्हाही बरे. मजकुराचे बाइट टेक्स्टडीकोडरकडे (बाइटचे अक्षरांत रूपांतर करणारी सोय) सोपवतात. ६४ बिटांचे पूर्णांक साध्या नंबरमध्ये २ च्या ५३ व्या घातापलीकडे अचूक राहत नाहीत. त्यांच्यासाठी २०२० च्या मानकात गेटबिगइंट६४ ही मेथड आली.