झाडाचं वजन कागदावर कसं आलं: सूचिपर्णी लागवडीपासून आपल्या सागापर्यंत

नागपूरच्या लकडगंजात आमच्या मामांची लाकडाची छोटी टाल होती आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे एकच काम असायचं. सागाच्या गोल नगाला मधोमध सुतळी गुंडाळायची, ती चार पदरी दुमडायची, पट्टीवर धरायची आणि किती इंच ते ओरडून सांगायचं. मामा त्या आकड्याचा वर्ग करायचे, लांबीच्या फुटांनी गुणायचे, 144 नं भागायचे, झाले घनफूट. खूप नंतर वाचलं की ही पद्धत इंग्लंडच्या एडवर्ड हॉपसच्या 1736 सालच्या कोष्टकांच्या नावानं ओळखली जाते आणि तिच्यात खऱ्या घनफळाचा साधारण 78.5 टक्के भागच धरला जातो, बाकीचं सालीत नि भुशात जाणार असं समजून.

पण टालीवरच्या या हिशोबात फांद्या नाहीत, पानं नाहीत, मुळं तर नाहीतच. आता कार्बनची चर्चा निघाली की एका हेक्टरात इतके टन बायोमास, म्हणजे झाडांचं सगळं मिळून सुकं वजन, असं सगळे सहज सांगतात, हे टन ज्यांनी आधी मोजले ते बहुतेक युरोपातल्या स्प्रूस-पाइन अशा सूचिपर्णी, म्हणजे सुईसारख्या पानांच्या झाडांच्या रांगांमध्ये काम करणारे लोक होते, म्हणून आधी तिकडचं बघू.

जर्मनीतल्या सॅक्सनीमध्ये चांदीच्या खाणी आणि भट्ट्या लाकूड खाऊन खाऊन जंगलं संपवत होत्या. 1713 मध्ये तिथल्या खाण खात्याचे अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोवित्झ यांनी लिहून ठेवलं की जंगलातून तेवढंच काढा जेवढं परत वाढेल. आता जेवढं वाढेल म्हणजे किती, ते मोजल्याशिवाय कळणार कसं? मग अठराव्या शतकाच्या अखेरीला अमुक वयाच्या, अमुक प्रतीच्या जमिनीवरच्या झाडीत हेक्टरी किती लाकूड असतं याची कोष्टकं निघाली, 1811 मध्ये हाइनरिश कोट्टा यांची वनशाळा थारांड्टला आली आणि पुढे तिथेच माक्स प्रेसलर यांनी ते पोकळ गिरमिट काढलं ज्यानं उभ्या झाडातून पेन्सिलीएवढी कांडी काढून वलयं मोजता येतात. झाड पाडायची गरजच नाही.

हे सगळं सूचिपर्णी झाडांवर इतकं सहज का जमलं ते समजायला नागपुरातच एक सोपी गोष्ट करता येते. चीड, म्हणजे आपल्याकडचा पाइन, इथे उगवत नाही पण मशिनरीच्या पॅकिंगच्या खोक्याला बहुतेक पाइनचीच फळी असते, ती टोकाकडून बघा. फिकट रुंद पट्टा, मग गडद बारीक रेघ, परत फिकट, परत गडद. फिकट तो वसंतात भराभर वाढलेला, गडद तो हंगाम संपताना, दोन्ही मिळून एक वर्ष. त्यात बुंधा एकच आणि सरळ, सगळी झाडं एका दिवशी लावलेली, एका वयाची. मोजणाऱ्याला याहून सोयीचं झाड मिळणं कठीण.

भारतात ही विद्या सागाच्या निमित्तानं आली. बॉनमधले वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिश ब्रांडिस 1856 मध्ये ब्रह्मदेशात पेगूच्या सागवनांवर नेमले गेले, ते हत्तीवर बसून जंगलातून पट्ट्यापट्ट्यानं जायचे आणि गोलाईच्या वर्गाप्रमाणे बांबूच्या काठ्यांवर चाकूनं खाचा पाडत झाडं मोजायचे. 1864 मध्ये ते भारताचे पहिले वन महानिरीक्षक झाले. छातीच्या उंचीवर गोलाई घ्यायची ही सवय आपल्या वन खात्यात आजही आहे, फक्त युरोपात ती 1.3 मीटरवर घेतात आणि आपण 1.37 वर, म्हणजे जुने साडेचार फूट.

तोवर सगळं घनफळच होतं हो, वजनाचा विषय निघाला तो मला तर फारच आपल्या मातीतला वाटतो. बव्हेरियातले शेतकरी जंगलातला पालापाचोळा, पाइनच्या सुया झाडून गोठ्यात जनावरांखाली अंथरायला न्यायचे आणि जंगलाची वाढ मंदावायला लागली, तेव्हा एर्न्स्ट एबरमायर यांनी हा पाला हेक्टरी किती किलो पडतो ते मोजून 1876 मध्ये छापलं. पुढे 1929 पासून स्वित्झर्लंडचे हान्स बुर्गर वर्षानुवर्षं झाडं पाडून पानांचं वजन आणि लाकडाची वाढ यांची जोडी लावत राहिले. 1944 मध्ये अमेरिकेत जोसेफ किट्रेज यांनी दाखवलं की व्यास आणि पानांचं वजन दोन्हींचे लॉगॅरिथम घेतले तर ठिपके जवळपास सरळ रेषेत येतात, म्हणजे व्यासावरून वजन सांगणारं समीकरण मिळतं. मग इंग्लंडात 1950 च्या दशकात ओव्हिंग्टन यांनी स्कॉट्स पाइनची लागवड मुळांसकट तोलली.

हे तोलणं म्हणजे काय मेहनत आहे ते लक्षात घ्या. झाड पाडायचं, फांद्या वेगळ्या, सुया वेगळ्या, बुंध्याचे तुकडे काट्यावर लटकवायचे, प्रत्येकातून एक चकती कापून पिशवीत भरायची आणि ती भट्टीत साधारण 105 अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायची कारण ओल्या लाकडात जवळपास अर्धं पाणीच असतं. आणि एवढं करूनही लॉगमधून परत किलोत येताना उत्तर थोडं कमी निघतं, ते दुरुस्त करा असं कॅनडात बाल्सम फरवर काम केलेल्या बास्करव्हिल यांनी 1972 मध्ये सांगेपर्यंत कित्येकांनी कमीच आकडे धरले होते.

हवेत जाणारे हरितगृह वायू कमी करायच्या 1997 च्या क्योटो करारानंतर हेच किलो कार्बनचे झाले. 100 किलो सुकं लाकूड म्हणजे साधारण 47 किलो कार्बन, त्याला 44 भागिले 12 नं गुणलं की 172 किलो कार्बन डायऑक्साइड.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्राचं वनविकास महामंडळ 1974 मध्ये स्थापन झालं, मुख्यालय नागपुरातच, आणि सागाची रांगेतली रोपवनं, ठरल्या वर्षी विरळणी, प्रत्येक नगाची गोलाई, हे सगळं त्या जर्मन शिस्तीचंच आहे. पण स्प्रूस-पाइनचं समीकरण सागाला लावणं मला साफ चुकीचं वाटतं. पाइनच्या सुया दोन-तीन वर्षं झाडावर टिकतात, आपला साग एप्रिलमध्ये अख्खा खराटा झालेला असतो, नोव्हेंबरात पाडलेल्या झाडाचं पानांचं वजन आणि एप्रिलमधलं यांची तुलनाच होत नाही. सागाला दुबेळकं फुटतं, म्हातारा झाला की बुंध्याला खाली खाचा पडतात. म्हणून इथलीच झाडं पाडून तोलायला हवीत, चांगल्या जमिनीवरची पण आणि मुरमाडावरची पण, नुसती सरळसोट निवडून नाही.

2025 मध्ये एप्रिलला युरोपचा बायोमास उपग्रह आणि जुलैला श्रीहरिकोट्याहून भारत-अमेरिकेचा निसार वर गेला, दोन्ही रडारनं जमीन बघणारे, निसार दर 12 दिवसांनी तीच जमीन परत बघतो. पण रडारला वजन दिसत नाही, त्याला परतलेली लहर दिसते, तिचे टन करायला जमिनीवर मोजलेले प्लॉट लागतात. त्या प्लॉटमधल्या झाडावर 1.37 मीटरवर रंगाचा पट्टा मारलेला असतो आणि दर मोजणीला टेप तिथेच, आडवा आणि घट्ट बसवायचा असतो. तो तिरका बसला किंवा खाली सुटलेली साल राहिली तर अर्धा-एक सेंटीमीटर सहज जास्त येतो, आणि जुन्या सागाची वर्षभराची वाढ कधी कधी तेवढीच असते.